सरदारभाईंचा पहिला पेला

आमच्या गल्लीतल्या अकरा इमारतींच्या टाक्या सरदारभाई धुतात. वय बासष्ट, पण अंगाने इतके सडसडीत की टाकीच्या तोंडातून सहज आत उतरतात. काथ्याने घासतात, तुरटी फिरवतात, तासाभराने बाहेर येतात. टाकी पुन्हा भरली की पिशवीतला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढून त्यात पाणी घेतात आणि घरच्या माणसासमोर उभे राहून पिऊन दाखवतात. “मी प्यालो, आता तुम्ही प्या,” एवढेच म्हणतात.

ही रीत त्यांच्या वडिलांची. निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी ते कन्नड गाव सोडून शहरात आले आणि चामडी मशक पाठीवर घेऊन शहागंजात घरोघर पाणी घालू लागले. नवा माणूस, लोकांचा भरवसा बसेना. म्हणून प्रत्येक दारात आधी स्वतः एक ओंजळ पीत. पुढे नळ आले, मशक गेली, ओंजळीचा पेला झाला. सरदारभाई हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाहीत, धंद्याचा नियम म्हणून सांगतात.

अशा माणसावर एका मेलेल्या कबुतराचा आळ आला, आणि तोही आमच्या इमारतीत.

आम्ही इथे राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या डायरीत ‘छज्ज्यावर दोन कबुतरे’ अशी नोंद आहे. आता मोजणे मी सोडून दिले आहे. कपडे वाळत घालता येत नाहीत, पापड तर दूरच. माझ्या यजमानांना दमा होता. शेवटची दोन वर्षे त्यांच्या खोलीची खिडकी उघडता आली नाही, कारण बाहेर पिसे आणि वाळलेली विष्ठा. हे सगळे आपोआप झालेले नाही. दुसऱ्या मजल्यावरचे बद्रीनाथशेठ, कापडाचे दुकान मुलाला सोपवून घरी बसलेले, रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात. काही बोलले की म्हणतात, मुके जीव आहेत, बाई. पहाटे पाचपासून ज्यांचे घुमणे ऐकावे लागते त्यांना मुके म्हणणे मला जमत नाही. पुण्य दुसऱ्या मजल्यावर जमा होते आणि घाण तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खिडकीत.

२०१९ साली पाडव्याच्या आधी सरदारभाईंनी आमची टाकी धुतली. झाकणाचे आटे उन्हाने तुटले होते, म्हणून त्यांनी ते तारेने आवळून बांधले. बरोबर आठवड्याने माझ्या स्वयंपाकघरातल्या नळातून एक पीस आले.

सरदारभाईंना बोलावले. त्यांनी आत उतरून कबुतर बाहेर काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि आवाराच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरले. तोपर्यंत खाली सगळे जमले होते. तळमजल्यावरची दोन मुले दोन दिवसांपासून उलट्यांनी हैराण होती, त्यामुळे रागाला कारण होते. नळ आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतो. अख्खी टाकी गटारात सोडायची म्हणजे काय, हे रोज पाणी येणाऱ्यांना कळायचे नाही. सेक्रेटरींनी विचारले, झाकण उघडे कोणी ठेवले? आणि सगळ्यांनी सरदारभाईंकडे पाहिले. बद्रीनाथशेठही पाहत होते.

मला ठाऊक होते. पण तारखेशिवाय बोलायचे नाही, ही सवय मला मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावली. मी डायरीची वही आणायला वर गेले. तीन जिने, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. वही घेऊन खाली आले तेव्हा सभा संपली होती. सरदारभाईंना पुन्हा बोलवायचे नाही असे ठरले होते.

ते फाटकापाशी ओला पंचा पिळत होते. म्हणाले, “झाकण मी बांधलं होतं, बाई. पण ज्याच्या हातात झाडू, त्याच्याच डोक्यावर कचरा.”

त्या आठवड्यात गल्लीतल्या आणखी चार इमारतींनी त्यांना नको म्हणून सांगितले. त्यांची पत्नी आबेदा मला भाजीबाजारात भेटली. घरात कोणाशी बोलत नाहीत, म्हणाली, पेला घासून घासून ठेवतात.

वहीत काय होते ते सांगते. गुरुवार, ४ एप्रिल: ‘टाकी धुतली. झाकण तारेने बांधले, मी स्वतः पाहिले.’ रविवार, ७ एप्रिल: ‘गच्चीवर गेले. बद्रीनाथशेठ तार सोडून टाकीतून तांब्याने पाणी काढत होते, कबुतरांच्या मातीच्या परळात ओतत होते. झाकण नुसते टेकवले. सांगावेसे वाटले, सांगितले नाही.’

सांगितले नाही, कारण यजमान गेले त्या दिवशी याच माणसाने सगळी धावपळ केली होती. माझ्या त्या भिडेची किंमत दोन मुलांनी आणि सरदारभाईंनी मोजली. त्यामुळे मला शेठजींपेक्षा माझाच जास्त राग आला.

मी सेक्रेटरींना घेऊन बद्रीनाथशेठांच्या दारात गेले आणि दोन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या. त्यांनी वही हातात घेऊन दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, परळ कोरडे होते. एवढेच. मी म्हटले, हे तुम्ही सरदारभाईंना जाऊन सांगा. ते स्वतः गेले नाहीत; विचारल्यावर कळले, मुलाला पाठवले होते.

सरदारभाई आले, पण नळाच्या दिवशी आणि एका अटीवर: टाकी भरेल तेव्हा सगळ्यांनी गच्चीवर हजर राहायचे. त्यांनी टाकी पुन्हा घासली. पाणी चढले. त्यांनी पेला बुडवून भरला आणि तो बद्रीनाथशेठांच्या हातात दिला.

“आज पहिला तुमचा, शेठ.”

शेठजींनी पेल्यात निरखून पाहिले, आम्ही सगळे त्या आठवड्यात पाहत होतो तसे. “घरून उकळून आणू का?” त्यांनी हळूच विचारले.

“पस्तीस सालाच्या धंद्यात मी कधी उकळून नाय प्यालो.”

कोणी हसले नाही. शेठजींनी डोळे मिटून चार घोटांत पेला रिकामा केला. मग सरदारभाईंनी तो पुन्हा भरला, स्वतः प्याले आणि झाकण बसवले. या वेळी तार दुहेरी घेतली आणि पक्कडीने शेवटपर्यंत पिळली.

“दाना कुठं टाकायचा ते तुमचं तुम्ही बघा,” ते म्हणाले. “झाकण माझं हाय.”

कबुतरे कठड्यावर रांगेने येऊन बसली होती. त्यांची वेळ झाली होती. बद्रीनाथशेठांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. आत ज्वारी होती, फुगीर खिशावरून दिसतच होते. आम्ही सगळे जिना उतरेपर्यंत तो हात खिशातच होता.