चिंचेनं घासलेली मोटार

"आरं, वर्साची चिंच संपवलीस! आता आमटीत काय घालू, तुझं डोकं?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत होती. एका हातात चिंचेची रिकामी बरणी, दुसऱ्या हातात डाव, आणि आवाज असा की रिव्हिएर दू रांपार गावातल्या बसथांब्यावरची माणसं दचकून चुकीच्या बसमध्ये चढली असतील. मी काकांच्या मोटारीच्या बॉनेटवर पोटावर आडवा पडलो होतो आणि चिंचेचा कोळ नि चुलीतली राख नारळाच्या काथ्यानं घासत होतो. वरून माझा घाम गळत होता, खालून निळं पाणी वाहत होतं.

"मळ निघतोय, आई!" मी ओरडून सांगितलं. "बघ तरी, किती मळ!"

"मळ निळा असतो होय रं?"

हा प्रश्न मला ऐकू आला नाही. अडचणीचे प्रश्न ऐकू न येण्याची विद्या माझ्याकडे लहानपणापासून आहे.

ती मोटार म्हणजे आमच्या घरातला हत्ती. वडील गेल्यापासून त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकाच, घरातले कर्ते. ते उसाच्या मळ्यावरच्या गोऱ्या मॅनेजरचे ड्रायव्हर होते. म्हातारा मॅनेजर बेट सोडून कायमचा निघाला तेव्हा युद्धाच्या आधीची आपली इंग्लिश मोटार काकांना देऊन गेला. त्याच्याकडे होती तोवर ती अशी निळीशार होती, की त्याची मडम उतरण्याआधी नाही, उतरल्यावर मोटारीच्या दारात बघून टोपी नीट करायची. आमच्याकडे ती पत्र्याच्या छपरीत राहिली. समुद्रावरचा खारा वारा, तिन्ही बाजूंनी ऊन, आणि रात्री टपावर कोंबड्या. इंजिन बैलासारखं टणक राहिलं, पण रंग खडूसारखा झाला. हात लावला की तळव्याला पांढुरकी भुकटी लागायची. लग्नाच्या कपड्यात कुणी तिला टेकून उभं राहिलं, की तो माणूस पाठमोरा दळणाहून आल्यासारखा दिसायचा.

ती दिसत होती तशीच राहिली असती, तर बिघडत काही नव्हतं. बिघडवलं माझ्या तोंडानं.

सत्यनारायण सांगायला येणारे आमचे भटजी सोयरिकीही जुळवत. प्रसादाचा शिरा खाता खाता त्यांनी क्वात्र बॉर्न शहरातल्या एका मुलीचं नाव काढलं. वडील सरकारी नोकरीत, स्वतःचं घर, मुलगी शिकलेली. ही मुलगी मी पाहिली होती. गणपती विसर्जनाला नदीवर ती कुणाला तरी बघून पदर तोंडाला लावून हसत होती. पुढे कळलं, मलाच. मी आरतीत सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत होतो. पण त्या हसण्यानं माझी अशी अवस्था झाली होती, की टोमॅटोच्या वाफ्यात मी मिरच्या लावल्या होत्या.

"मुलीकडे काय सांगू?" भटजींनी विचारलं.

भाजीपाला पिकवणारी माणसं आम्ही. तेवढंच सांगितलं असतं तर त्या सरकारी दारात कुणी उभं केलं नसतं, असं मला वाटलं. म्हणून म्हणालो, "सांगा, घरची मोटार आहे. आणि अशी चकचकीत, की तिच्यात तोंड बघून फेटा बांधता येतो."

भटजींनी त्यावर स्वतःचं तूप ओतलं. क्वात्र बॉर्नला पोचेपर्यंत माझ्या मोटारीला मखमलीचे पडदे लागले होते. तिकडून निरोप आला: रविवारी या, आणि मोटारीनंच या, आम्हालाही बघायची आहे.

गावातल्या गराजात रंग उजळायचं पॉलिश आणि मेण मिळतं, हे मला माहीत होतं. पण तिथं विचारायला जायचं म्हणजे मोटार मळकी आहे हे गावभर करायचं. शिवाय आमच्या घरात गणपतीच्या आधी काय होतं? काळी पडलेली समई, तांब्या, ताम्हण, सगळं चिंच आणि राखेनं घासतात आणि ते सोन्यासारखं होऊन बाहेर येतं. जे देवाला चालतं ते मोटारीला का चालू नये? मोटार काय देवापेक्षा मोठी लागून गेली?

आणि गंमत ऐका, ते चाललं! भुकटी गेली. मी बादलीभर पाणी ओतलं तसा आतून तो जुना निळा असा उसळून वर आला, की काका छपरीच्या खांबाला धरून उभे राहिले.

"साहेबाची मोटार!" ते म्हणाले. "आरं, ही तर साहेबाची मोटार!" त्यांचे डोळे भरून आले.

माझी छाती तर शर्टाची बटणं तोडून शेजारच्या वाडीत गेली.

मग ऊन वर आलं, पाणी वाळलं, आणि मोटार पुन्हा खडूसारखी झाली. ओली होती तोवरच ती चमकत होती. वर आणखी एक गोष्ट दिसायला लागली. बॉनेटच्या कण्यावर आणि मडगार्डांच्या कडांवर निळा रंग पार निघून खालचा करडा थर उघडा पडला होता, फाटक्या पँटीतून गुडघा दिसावा तसा. निळा मळ कसला होता ते आता कळलं.

काका दगडावर बसले. बराच वेळ आभाळाकडे बघत होते. मग म्हणाले, "रविवारी पाऊस पडंल का?"

"पाऊस कशाला?" मी म्हणालो. "तेल आहे की."

"तेल वाळत न्हाई रं."

"म्हणूनच तर!"

घरातलं सगळं खोबरेल तेल मी त्या मोटारीला पाजलं. नातेवाइकांकडून मागून आणून पाजलं. शनिवारी संध्याकाळी ती अशी झळकत होती, की आमचा कोंबडा मडगार्डातल्या कोंबड्याशी लढून लढून थकला आणि शेवटी दोघांनी समझोता केला. शेजारणी येऊन तिच्या दारात बघून भांग पाडून गेल्या. आई तेवढी लांब उभी होती. "डोक्याला लावाया थेंब ठेवला न्हाईस," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी ती आपलं एकुलतं एक चांगलं लुगडं नेसून बाहेर आली आणि तिच्या हातात वाकोआच्या केवड्यासारख्या पानांनी विणलेली बाजाराची टोपली, आमच्याकडची तांत, होती, काठोकाठ वांग्यांनी भरलेली. पहाटे दंव असताना तोडलेली, देठावर काटे तसेच.

"हे कशाला?" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"रिकाम्या हातानं जायाचं व्हय सोयऱ्याकडं?"

"आई, ती पगारी माणसं आहेत. आपण वांगी विकायला आलोय असं वाटेल. डिकीत ठेव. आणि तिथं बाहेर काढायची नाही, सांगून ठेवतो."

तिनं तांत डिकीत ठेवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोटार चालू केली.

ऊसतोडणीचे दिवस होते. हे बेटावर जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मला नेमकं तेच आठवलं नव्हतं. कारखान्याच्या धुराड्यातून जळक्या चिपाडांची काजळी उडत होती, काळी, हलकी, माशीच्या पंखांएवढी. इतर मोटारींवर ती बसायची आणि वाऱ्यानं उडून जायची. आमच्या मोटारीवर बसायची आणि राहायची. लॉंग माउंटनपाशी उसाची लॉरी पुढे आली. तिची लाल धूळ, तिच्यावरून उडणारं पाचट, सगळं आमच्याकडे मुक्कामाला आलं. उन्हानं तेल तापलं आणि मोटारीला कानवले तळल्याचा वास सुटला. काकांनी दोन्ही हात चाकावर घट्ट ठेवले होते.

क्वात्र बॉर्नला त्या घरापुढे आम्ही थांबलो तेव्हा मोटारीला लव आली होती. खरंच लव. बकऱ्याला असते तशी.

मुलीचे वडील फाटकात उभे होते, पांढरी शुभ्र पँट, टाय, पाठीमागे हात. ते मोटारीभोवती एक फेरी मारून आले. मग दारापाशी वाकले आणि बघत राहिले.

"भटजी म्हणाले होते, हिच्यात तोंड दिसतं," ते म्हणाले. "माझं शोधतोय."

"वाटेत धूळ लई," काका पुटपुटले.

"धूळ आमच्या रस्त्यालाही आहे हो. पण ती अशी चिकटत नाही, पा व्रे, खरं ना?" त्यांनी एक बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि भुवया वर केल्या. "खोबरेल?"

"स्पेशल पॉलिश आहे," मी म्हणालो. देवाशपथ, तेव्हाही मी हेच म्हणालो. "इंग्लंडहून मागवलंय."

तेवढ्यात शेजारचं कुत्रं आलं आणि मागचं मडगार्ड चाटायला लागलं. मी हाकललं, तर ते दुसऱ्या बाजूनं आलं आणि येताना एक सोबती घेऊन आलं.

"इंग्लंडचं पॉलिश कुत्र्यांना मानवतं वाटतं," मुलीचे वडील म्हणाले आणि वळताना त्यांच्या पांढऱ्या पँटीची बाजू मडगार्डाला पुसली गेली. काळा पट्टा, मांडीपासून घोट्यापर्यंत. आत खिडकीच्या पडद्यामागून कुणीतरी हसलं. ते हसणं मी ओळखलं. नदीवरचंच.

आत चहा आला. खुर्चीचं कापड खराब होऊ नये म्हणून मी काठावर असा बसलो होतो, की बसलोय की उठतोय हे सांगता आलं नसतं. एरवी गप्पांत मी एकट्यानं लग्नाचा मांडव भरवतो. त्या दिवशी मी चहातली साखर ढवळत राहिलो. मुलीच्या आईनं माझ्या आईला साधंच विचारलं, "तुमच्याकडे भाजी कशी आहे यंदा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि म्हणाली, "बरी हाय."

ज्या बाईनं जन्मात वाफ्यांबद्दल दोन शब्दांत उत्तर दिलं नव्हतं, ती दोन शब्द बोलून कपाकडे बघत बसली. माझी मान आपोआप खाली गेली. तिथं चकचकीत फरशी होती आणि तिच्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं.

थोड्या वेळानं आई उठली. कुणाला काही न सांगता बाहेर गेली. मी डोळ्यांनी नको, नको म्हणत होतो; तिनं पाहिलं नाही. डिकीचं झाकण तिनं स्वतः उचललं, तांत घेऊन आली आणि मुलीच्या आईच्या पायाशी ठेवली.

"आमच्या वाडीतली हायती," ती म्हणाली. तिच्या लुगड्याच्या काठाला काजळी लागली होती.

मुलीच्या आईनं एक वांगं उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि काही न बोलता तांत आत घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. मोटार गेली, मुलगी गेली.

परतीच्या वाटेवर पोर्ट लुईपर्यंत मी एकटा बडबडत होतो. कुत्री कशी पाळावीत, फरशी कशी असावी, सरकारी माणसांना कशी दृष्टी नसते. मग सहज मागे वळून पाहिलं. आई रिकामी तांत शेजारी ठेवून बसली होती, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर करून. तेलानं आणि काजळीनं ते काळे झाले होते आणि लुगड्याला लागू नयेत म्हणून तिनं ते तसे उघडे धरले होते. तेवढ्या लांब प्रवासात ती तशीच बसली होती. मी पुढे तोंड केलं आणि घर येईपर्यंत गप्प राहिलो. काकांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का.

सगळ्या रस्त्यानं मला त्या मोटारीची लाज वाटत होती. मागे बघितल्यावर ती खरी कशाची वाटायला हवी होती ते कळलं, आणि आजही कानवल्यांचा वास आला की कान गरम होतात.

आणि मग भटजी चक्क होकार घेऊन आले! तेव्हाही मी सुधारलो नव्हतो. गावभर सांगत फिरलो, की मोटार बघूनच ती माणसं विरघळली. मोटारीला पुढे गराजवाल्यानं नवा रंग दिला आणि तेल दिसलं की तो अजून माझी आठवण काढतो.

लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. बायको मोरीपाशी बसून चिंच आणि राखेनं समई घासत होती. मी ऐटीत खांबाला टेकलो.

"खरं सांग," मी म्हणालो, "त्या दिवशी काय बघून होकार दिलात? मी, की मोटार?"

तिनं मान वर केली नाही.

"वांगी कोवळी होती."