भास्करने मागितलेलं पत्र

भास्करला इथल्या आमच्या मराठी मंडळाने फसवलं. त्याच्या मुलीलाही फसवलं. पाकीट आम्ही दिलं, आणि ते कशाचं होतं हे सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही तोंड फिरवलं. हे आधीच सांगतो, कारण गेल्या महिन्यात झालेल्या शोकसभेत यातलं एक अक्षर कुणी उच्चारलं नाही.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी बंदराबाहेर नांगरलेल्या एका जहाजाच्या शिडीखाली, लाँचमध्ये उभा होतो. जहाजांना भाजी, मांस, दोरखंड पुरवणं हा माझा धंदा. कांद्याच्या गोण्यांवरून वरच्या कुकशी घासाघीस चालली होती आणि पेजर वाजला. नंबर भास्करच्या पासिर रिसच्या फ्लॅटचा. किनाऱ्यावर येऊन फोन करेपर्यंत तास गेला. त्याची मुलगी केतकी एवढंच म्हणाली, "काका, नोव्हेनाला हॉस्पिटलमध्ये या. आता घाई नाही..."

भास्कर मरीन इंजिनियर. मी देश सोडून इथे आलो तेव्हा माझ्याकडे एक पेटी आणि तोंडातली जीभ, एवढंच भांडवल होतं. मला पहिल्या जहाजावर त्यानेच चढवलं. मी भाव करायला लागलो की तो बाजूला उभा राहून हसायचा. "शेठ, तू यमाशीसुद्धा घासाघीस करशील." "करीन की. तुझ्यासाठी आधी करीन," मी म्हणायचो. बोलायला काय जातं...

तो सहा-सहा महिने समुद्रावर असायचा, पण घरी पाठवलेल्या प्रत्येक पत्रात एक प्रश्न ठरलेला: केतकीने चारशे मीटर किती सेकंदांत काढले? पोरगी धावायची मोठी सुरेख. खांदे हलायचे नाहीत, नुसते पाय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिच्या रिलेच्या चौघीजणी आंतरकॉलेज स्पर्धेत पहिल्या आल्या, आणि मंडळाने गणेशोत्सवात तिचा सत्कार ठरवला. शाल, नारळ आणि एक्कावन्न डॉलरचं पाकीट. परीक्षेत चमकलेल्या मुलांनाही तेच, तेवढंच पाकीट होतं. पाकिटं माझ्यातर्फे होती आणि स्टेजवर द्यायलाही मीच उभा होतो. शाल तिने घेतली, नारळ घेतला. पाकीट पुढे केलं तशी ती मागे सरकली. पहिल्या रांगेत बसलेल्या भास्करकडे बघून हळूच म्हणाली, "बाबा, कॅनॉट लाह, नाही घेता येणार. कोचने सांगितलंय, धावण्याचे पैसे कुणाकडूनच घ्यायचे नाहीत." सगळा हॉल बघत होता. स्टेजवर पाकीट नाकारणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणं, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. भास्कर म्हणाला, "घे गं. वडीलधारे देतात ते बक्षीस नसतं, आशीर्वाद असतो." मी वर पुस्ती जोडली, "घे, घे. लोक जेवायचे खोळंबलेत." तिने घेतलं आणि वाकून मला नमस्कार केला.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण मंडळाच्या स्मरणिकेत तिचा फोटो आला आणि त्याखाली मराठीत आणि इंग्रजीत छापलं, 'शर्यतीतील विजयाबद्दल रोख पारितोषिक.' आमच्या कार्यवाहांनी एक प्रत मोठ्या अभिमानाने तिच्या प्रिन्सिपॉलना पोस्टाने पाठवली. आपली मुलगी, आपलं मंडळ, कळू दे त्यांनाही! कळलं. धावण्याचे पैसे घेतले म्हणून पंधरा दिवसांत केतकी नियमाने हौशी खेळाडू उरली नाही. शिक्षण संपेपर्यंत कॉलेजच्या संघातून बाद, आणि चौघींचीही रिलेची पदकं परत करायची. बाकीच्या तिघींनी तर आमचा हॉलही पाहिला नव्हता.

कॉलेज आडमुठं नव्हतं, हेही लिहायला हवं. त्यांनी भास्करला सांगितलं, आठवड्यात मंडळाचं पत्र आणा. तेच पाकीट परीक्षेच्या मुलांनाही दिलं होतं, हा धावण्याचा मोबदला नव्हता, एवढं लिहून आणा. आम्ही फेरविचार करू. यात खोटं काही लिहायचं नव्हतं. कार्यवाह म्हणाले, "भास्करराव, आपण इथे पाहुणे. निम्मे सभासद एम्प्लॉयमेंट पासवर, सरकारने तो रद्द केला की गाशा गुंडाळायचा. आम्हीच छापलेलं चुकीचं होतं, असं लेटरहेडवर कसं द्यायचं?" तरी भास्करने दोन दिवस शांतपणे बोलून त्यांना कमिटीपुढे विषय ठेवण्यापर्यंत आणलं होतं. मग मी मध्ये पडलो. माझ्या पद्धतीने. "पत्र द्या, नाहीतर पुढच्या वर्षीपासून महाप्रसादाचा माझा शिधा बंद," असं त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर ओरडलो. "आता तर मुळीच नाही," ते म्हणाले. "धमकीला घाबरून दिलं असं होईल." आयुष्यभर ज्या जिभेवर जेवलो, तिने त्या दिवशी घात केला. आठवडा संपला. पदकं परत गेली. केतकी त्यानंतर बसमागेसुद्धा धावली नाही. "नेव्हर माइंड लाह, बाबा," म्हणायची, आणि ते त्याला जास्त लागायचं.

मला त्याने कधी बोल लावला नाही. एकदाच, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर चहा पिताना म्हणाला, "ती नाही म्हणत होती रे. ऐकायला हवं होतं मी."

"पाकीट मी पुढे केलं होतं," मी म्हणालो.

"तू शेठ माणूस, तू पुढे करणारच. मी बाप होतो..."

परवा केतकीने मला त्याच्या खोलीत नेलं. टेबलाच्या खणात तेच पत्र होतं. एक नाही, अकरा. सगळी त्याच्या अक्षरात, मंडळाच्या वतीने लिहिलेली. समुद्रावरून सुट्टीवर आला की नवं लिहायचा म्हणे. पहिल्यात 'चूक' असा शब्द आहे. मग 'अनवधान' होतं. शेवटच्यात कुणाचाही दोष उरलेला नाही, फक्त वस्तुस्थिती, चार ओळी, आणि खाली सहीसाठी सोडलेली जागा. त्यांना सही करणं सोपं जावं म्हणून तो वर्षानुवर्षं शब्द मऊ करत बसला होता... मी खण लावून घेतला. थकलो आहे मी, भांडायची ताकद पूर्वीसारखी राहिली नाही.

त्या वेळचे कार्यवाह आज मंडळाचे अध्यक्ष आहेत. शोकठराव त्यांनी दोन दिवसांत पाठवला, लेटरहेडवर, सहीनिशी. वर्तमानपत्राची ही पुरवणी देशातून आठवड्याने का होईना, इथेही येते, म्हणून लिहितो. अध्यक्षसाहेब, माझा दोष मी माझ्या नावाने इथे मांडला आहे. तुमची सही त्या आठवड्यात का झाली नाही, हे तुम्ही सांगा. मला नको. पासिर रिसला जा, केतकीसमोर बसा, आणि तिला सांगा.