जरी सर आणि तर्री काकू

इंग्रजी वाक्याच्या मधोमध कोणी नको तिथे 'बट' घातला, की जरी सर अंगावर पाल पडल्यासारखे उठायचे. हातात खडू असो की पोह्यांची प्लेट, ते उठणारच. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीचे उठले होते, कारण शेजारच्या खुर्चीतला मुलगा इंटरव्ह्यूची तयारी मोठ्याने करत होता. त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी आमच्या क्लासला नाव नोंदवलं. घाबरून नोंदवलं की शिकावंसं वाटलं म्हणून, ते त्याने कधी सांगितलं नाही.

आपलं दुखणं असं की तोंडातून 'जरी' निघाला की त्याच्या मागे 'तरी' आलाच. जरी तो गरीब आहे, तरी तो प्रामाणिक आहे. हिंदीवाल्यांच्या 'हालाँकि'मागे 'लेकिन' असाच येतो. ही सवय घेऊन आम्ही इंग्रजीत शिरायचो आणि ठणकावून म्हणायचो, "ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट." इंग्रजीला हे चालत नाही. तिथे ऑल्दो आला की बटला सुट्टी. एवढीशी गोष्ट आमच्या टाळक्यात शिरावी म्हणून सरांनी जन्म खर्ची घातला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

"काहून बे दोन-दोन कड्या लावून राहिले?" ते विचारायचे. "बाहेरून ऑल्दोची कडी लावली, आतून बटची कडी लावली. मंग अर्थ घरात जाईल कुठून? खिडकीतून?" हिंदीवाल्यांसाठी हेच पुन्हा हिंदीतून व्हायचं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे वाद घालायला कोणाला जागाच नसे.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. आता मोठी ऑफिसं येणार, नोकऱ्या निघणार, आणि ज्याला इंग्रजी येईल त्याचंच भलं होणार, असं घरोघरी चाललं होतं. माझे बाबा रेल्वेत, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांनी मला पंडरीच्या कापड बाजारात साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वर चालणाऱ्या या क्लासमध्ये आणून बसवलं आणि म्हणाले, "सर, पोट्टीले बोलतं करा." सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलते तं ती आताही. मी तिले मधात थांबणं शिकवीन."

जरी सर हे नाव त्यांना हिंदी बोलणाऱ्या पोरांनी दिलं. आम्हा मराठी मुलांना समजवताना सर सारखे जरी-जरी करत. खाली साड्यांचं दुकान, वर जरी. सर साड्यांच्या काठांचा जोडधंदा करतात, असाच पोरांचा समज झाला. तो समज जिना उतरून बाजारातही पोचला. एका दुपारी लग्नाची खरेदी करत फिरणाऱ्या एक बाई वर आल्या. "जरीवाले सर यहीं बैठते हैं?" सरांनी त्यांना नवी विद्यार्थिनी समजून बसवून घेतलं. बाईंनी अर्धा तास मान डोलावत सगळं ऐकलं आणि शेवटी विचारलं, "भैया, ये ऑल्दो कितने मीटर का आता है?"

"एक वाक्य में एक ही लगता है, बहनजी," सर म्हणाले. बाई समाधानाने खाली गेल्या.

गंमत म्हणजे स्वतः सर मराठी बोलायला लागले की त्यांचं एकही वाक्य जोडीशिवाय निघत नसे. माझ्या मावसभावाच्या लग्नाला ते आले आणि मांडवाच्या दारातच म्हणाले, "जरी पत्रिका नाही भेटली, तरी मी आलो." पंगतीला आग्रह केला तर, "जरी घरून जेवून आलो, तरी बसतो." आणि बसले म्हणजे नीट बसले. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, मराठीत तुम्ही दोन कड्या लावता त्या?" तर म्हणाले, "मराठी जोडीनं चालते, पोट्टे. इंग्रजी एकटी राहते. ज्याचा त्याचा संसार आहे, आपण काहून बोलायचं?"

सरांचा संसार मात्र जोडीचा होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. काकू सरकारी ऑफिसात नोकरीला होत्या, आणि पगार, शिस्त आणि आवाज या तिन्ही बाबतींत सरांच्या वरचढ. रविवारी जादा क्लास घरी असायचा. तेव्हा त्या सगळ्यांना पोहे करायच्या आणि त्यावर लालभडक चण्याची तर्री ओतायच्या, आपल्या नागपूरकडची. ती खाऊन बिहारकडचा एक मुलगा रडला होता. जरीच्या जोडीला तरी हवाच, म्हणून काकूंचं नाव आम्ही तर्री काकू ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, फोडणी नाही ठेवलं."

काकूंचं इंग्रजी सरांपेक्षा वेगळ्या घराण्याचं होतं. सर स्कूटर चालवत आणि काकूंनी त्यांना हेल्मेट घेऊन दिलं होतं. रायपुरात त्या काळी हेल्मेटवाला दिसला की लोक त्याला बाहेरगावचा समजून रस्ता सांगायला यायचे. त्यामुळे सर ते विसरायला बघत. काकू दारात उभ्या राहून म्हणत, "नो हेल्मेट, नो तर्री."

"यात उभयान्वयी अव्ययच नाही," सर कुरकुरत.

"समजलं ना तुम्हाले? मंग घाला."

हेच हेल्मेट पुढे सिलतऱ्याला गाजलं. आमच्या वर्गात साहू नावाचा मुलगा होता. तो सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेटवर सुपरवायझर होता आणि शिफ्ट संपली की तसाच धुळीने माखलेला क्लासला यायचा. त्या आठवड्यात सरांनी 'अनलेस' शिकवला होता. "अनलेसच्या पोटात आधीच एक 'नाही' आहे. वरून अजून एक नाही खाऊ घालू नका, अपचन होईल." साहूने हे हिंदीतून ऐकलं, "हव सर" म्हटलं, आणि कारखान्याच्या गेटवर स्वतःच्या देखरेखीखाली पाटी रंगवून घेतली: अनलेस यू डू नॉट वेअर हेल्मेट, डू नॉट एंटर.

पाटी दाखवायला तो सरांना मोठ्या कौतुकाने घेऊन गेला. सरांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर मी होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी गेटसमोर स्कूटर उभी केली, पाटी वाचली, शांतपणे डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि आत चालू लागले. चौकीदार आडवा आला, "सर, बिना हेल्मेट अंदर जाना मना है."

"आपके बोर्ड के हिसाब से सिर्फ मैं जा सकता हूँ," सर म्हणाले. "जिसके सिर पर हेल्मेट है, वो सब बाहर."

आतून शिफ्ट सुटत होती. कामगार थांबून बघू लागले, आणि साहू पाटीकडे बघत ओठ हलवून एकेक शब्द पुन्हा जुळवू लागला. पाटी बदलायची ठरली. सरांनी शुद्ध वाक्य लिहून दिलं. पण पेंटर अक्षरांवर पैसे घेई, म्हणून शेवटी तिथे लागलं ते काकूंचं इंग्रजी: नो हेल्मेट, नो एंट्री. हे कळल्यावर सर दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. म्हणजे काकूंशी. घरात दुसरं होतं कोण?

आणि अशात ती बातमी आली. मध्य प्रदेशातून राज्य वेगळं झालं तशी सरकारी माणसांचीही वाटणी चालली होती. काही इकडे, काही तिकडे. काकूंचं नाव तिकडे गेलं, भोपाळला. का, ते कोणालाच सांगता येईना. नवरा-बायको दोघंही सरकारी असले तर एका ठिकाणी ठेवतात, असं आम्ही ऐकून होतो. पण सर नुसते काकूंचे होते, सरकारचे नव्हते. आणि सरांचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपूरला आलेलं. ते सासुरवाडीला नागपूरला गेले तरी तिसऱ्या दिवशी पाणी मानवत नाही म्हणून परत यायचे. असा माणूस रायपूर सोडणार कसा, आणि काकूंवाचून राहणार कसा?

सरांनी या वाटणीचं काम बघणाऱ्या साहेबांकडे अर्ज करायचं ठरवलं. काकू म्हणाल्या, "अहो, हिंदीत लिहा." सर म्हणाले, साहेब शिकलेला माणूस आहे, इंग्रजीचं वजन पडते. अर्ज मीच टाइप केला. त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'ऑल्दो माय वाइफ हॅज बीन अलॉटेड टू भोपाल, आय लिव्ह इन रायपूर.' एकच कडी, स्वल्पविराम जागच्या जागी. भेटीच्या दिवशी काकूंनी मलाही सोबत घेतलं. "हे तिथं व्याकरण शिकवाले लागतील," त्या म्हणाल्या. "तू यांच्या डाव्या बाजूनं बस. मी उजव्या बाजूनं बसते."

साहेबांनी अर्ज वाचला. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, बाहेर व्हरांडा अशाच माणसांनी भरला होता. "ठीक है," ते म्हणाले. "ये भोपाल में, आप रायपुर में. तो इसमें माँग क्या है?" वाक्य इतकं शुद्ध होतं की त्यातून दुःख कुठेच गळत नव्हतं. काकूंनी मग हिंदीत सगळं सांगितलं, सरांना शुगर आहे, त्यांना चहासुद्धा करता येत नाही, हेही. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ऑल्दो आय अंडरस्टँड युअर प्रॉब्लेम, बट रूल इज रूल."

उजवीकडून काकूंनी सरांचं मनगट धरलं, डावीकडून मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. सर उठले नाहीत. खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. कपाळावर घाम आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहब, वो बट निकाल दीजिए."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मेरे हाथ में होता," ते म्हणाले, "तो सच में निकाल देता."

जिना उतरताना मी विचारलं, "सर, तुम्ही व्याकरण सांगितलं की विनंती केली?" सर पायऱ्या उतरत राहिले. काकू म्हणाल्या, "नको विचारू त्याईले."

काकू भोपाळला गेल्या. सर म्हणाले, हरकत नाही, ऑल्दो एकटा राहते तं मीही राहीन. क्लास सुरू राहिला. पण हेल्मेट खुंटीवर गेलं, सर टपरीवरचे पोहे कोरडेच खायला लागले, आणि एक दिवस मी वर्गात सरळ ऑल्दोच्या मागे बट लावला तरी सर उठले नाहीत. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि 'नेक्स्ट' म्हणाले. आम्ही घाबरलो. त्यानंतर आम्ही सगळे मुद्दाम चुकायला लागलो. साहूने तर एका वाक्यात दोन ऑल्दो, एक अनलेस आणि तीन बट कोंबले. खरं तर ते त्याने मुद्दाम केलं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. सर म्हणाले, "गुड."

पुढच्या महिन्यात त्यांनी क्लास बंद करून भोपाळला जात असल्याचं सांगितलं. साहू म्हणाला, "सर, पूरा छत्तीसगढ़ रायपुर आ रहा है, और आप जा रहे हैं?"

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सांग याले. इंग्रजी पोटासाठी होती. माणूस मराठीच आहे मी."

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. बाबांनी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली होती. सरांच्या मांडीवर हेल्मेट होतं, स्कूटर विकली होती तरी. मी काहीतरी छान इंग्रजीत बोलायचं ठरवून गेले होते. "सर, ऑल्दो यू आर गोइंग, बट..." आणि तिथेच अडकले. पुढचं सुचेना. मागून साहूने मला कोपराने ढोसलं, कारण चूक त्यालासुद्धा कळली होती. सर उठले नाहीत. "राहू दे तो बट," ते म्हणाले. "लागते कधी कधी." गाडी हलली. घरी येईपर्यंत मी रडले, आणि निम्मं रडणं त्या न सुधारलेल्या वाक्याचं होतं.

काही आठवड्यांनी घरचा फोन वाजला. पलीकडे सर होते. भोपाळचं पाणी मानवते का, मी विचारलं. जरी जड आहे तरी चालते, म्हणाले. मला राहवेना. मी मुद्दाम, सावकाश म्हटलं, "सर, ऑल्दो आय वाँटेड टू कॉल यू, बट आय डिड नॉट हॅव युअर नंबर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दोन कड्या!" सर ओरडले. "काहून वं पोट्टे, इतकं शिकवलं आणि अजून दोन-दोन कड्या लावून राहिली?" पाठीमागून काकूंचा आवाज आला, "अहो, फोनवर तरी तिले राहू द्या. आणि बसा खाली, पोहे थंड होऊन राहिले."

मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं, सर बरे आहेत.