पाय माझे, तोंड तिचं

अप्पांची अट साधी होती. टीव्हीवर माझं तोंड दिसलं, तर मी खुशाल स्केटबोर्ड खेळत राहायचं. नाही दिसलं, तर निमूट बँकेच्या परीक्षेला बसायचं.

"लोकांस सांगायास काही तरी पाहिजे की नको? पलकईवर उभारते म्हणून सांगू?"

पलकई म्हणजे फळी. मामानं अमेरिकेहून आणलेल्या त्या बोर्डाला आमच्या घरात दुसरं नाव कधी मिळालंच नाही.

मी शिकले ते आमच्या शेताजवळच्या भाताच्या गिरणीच्या कळमावर, म्हणजे खळ्यावर. तिथल्या सिमेंटच्या अंगणात उकडलेली साळ वाळत घालतात. तंजावुरात तेवढी गुळगुळीत जागा मला दुसरी माहीत नव्हती. साळ उचलली की अंगण माझं. कोपरं सोलवटली, एक दात अर्धा गेला, शिकवायला तर कुणी नव्हतंच. तरी फळीसकट हवेत उडी मारून पुन्हा फळीवरच उतरायला मी शिकले. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीला याचं कौतुक काय असणार! "इला कोण करून घेईल आता," एवढंच बोलून बायका नाक मुरडायच्या.

मग बाजार खुला झाला. घरोघरी केबल आली आणि केबलमागोमाग परदेशी बूट. मद्रासच्या एका जाहिरातवाल्याला फळीवर पळणारी मुलगी हवी होती, आणि कॉलेजातल्या मैत्रिणीनं त्याला माझा पत्ता दिला. दिवसभर समुद्राकाठच्या रस्त्यावर मी उड्या मारल्या. उन्हं कलल्यावर मुंबईहून एक गोरी मॉडेल आली. दोघांनी मागून धरून तिला माझ्या फळीवर उभं केलं आणि पंखा लावून तिचे केस उडवले. मी विचारलं, तर जाहिरातवाला म्हणाला, तुझंही तोंड येणार, काळजी नको. मी भाबडी. विश्वास ठेवला.

जाहिरात लागली तेव्हा क्रिकेटची मॅच चालू होती आणि अर्धी गल्ली आमच्या घरात बसली होती. फळी उडाली, बूट चमकले, आणि वर बघते तर तोंड तिचं! कमरेखालची सगळी मी, वरची सगळी ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडायचं मी आणि हसायचं हिनं? सावळा रंग बुटांत चालतो, तोंडावर चालत नाही, एवढं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती त्या माणसात.

अप्पा उठले. "झालं. बँकेचं पुस्तक आणतों उद्या."

तेवढ्यात कोपऱ्यातून माझ्या भरतनाट्यमच्या म्हाताऱ्या टीचर तमिळमध्ये ओरडल्या, "थांबा! ती अरमंडी माझी आहे!"

अरमंडी म्हणजे नाचातली अर्धी बैठक. गुडघे बाहेर, कंबर खाली, पाठ ताठ. लहानपणी त्यांनी ती काठीच्या धाकानं माझ्या अंगात भिनवली होती. थोड्या वेळानं जाहिरात परत लागली, आणि या खेपेला सगळ्यांनी पाय पाहिले. उडीवरून उतरताना मी खरंच तशी बसत होते. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, त्याही टीचरना.

अप्पांचा चेहरा खुलला. "अय्यो, हे तर नाच की! मग काय, नाचते म्हणून सांगूं."

परवानगी मिळाली, पण कशाला? कळमावर वर्षानुवर्षं फुटलेले गुडघे कुणाच्या हिशेबातच नव्हते. मला तेव्हा ओरडायचं होतं की हा नाच नाही. ओरडले असते तर बँकेत गेले असते, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून येतो, आणि तो माझ्यावर नाही, त्या सगळ्या खोलीवर येतो.

एका बुटांच्या कंपनीनं मला पगारावर बंगळूरला ठेवलं. दुकानांसमोर, कॉलेजांत खेळ करायचे. मी निघाले तेव्हा अप्पांनी बस स्टँडपर्यंत माझी घुंगरं चार लोकांना दिसतील अशी हातात धरून आणली. फळी गोणपाटात गुंडाळलेली होती.

पुढे एका खेळात पडून मनगट मोडलं. प्लास्टर घातल्या हातानं मी घरी फोन लावला.

"नाचतां नाचतां पडलीस?" अप्पांनी विचारलं.

"नाही अप्पा. पलकईवरून पडले. पलकईवरून!"

अप्पा काळजीनं म्हणाले, "बरं, बरं. जपून नाच."