तांदळातली नावं

बोर्डकाकू पुरुषांच्या बैठकीत जाऊन खाली बसत. आज तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या गावात बाईला चावडीवर काही सांगायचं असलं, तर ती दाराआड उभी राहून दुसऱ्याकरवी सांगे. काकू पदर सावरून थेट आत जात, सतरंजीच्या कडेला बसत आणि मगच तोंड उघडत. म्हणत, "उभ्या बाईचं कोनी आयकत नाही. मानसाले वाटते, ही आता जाईनच."

अनू, तू ज्या बेटावर शिकवायला गेली आहेस, तिथल्या सभागृहात एकही बाई नाही, असं तू लिहिलंस. बायकांना हौसच नाही, असं तिथले लोक म्हणतात म्हणे. एवढासा देश, सगळे सगळ्यांचे नातलग, त्यामुळे बाईला निवडणुकीला उभं राहणं उलट जास्त जड जातं, हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. बुलढाण्याकडच्या धाड गावापासून दोन कोसांवरचं आमचं गावही तसंच होतं. मत देणारा दीर आणि न देणारा भाऊ. म्हणून तुम्हा सगळ्या नातवंडांसाठी काकूंबद्दल लिहिते आहे.

काकू आमच्या शेजारच्या. नवरा लवकर गेला, शेत त्यांच्या नावावर झालं आणि ते त्यांनी स्वतः उभं राहून केलं. एकच मुलगी होती, यमू. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तीन दिवस अडून दगावली. शिकलेली नर्स बुलढाण्याशिवाय कुठे नव्हती. तेव्हापासून काकूंनी एकच धोसरा धरला : आपल्या भागाला एक नर्स पाहिजे. ते काम तालुक्याच्या लोकल बोर्डाचं, असं कळल्यावर त्या बोर्डाच्या मेंबराकडे चार वेळा गेल्या. चौथ्या वेळी मेंबर हसून म्हणाले, "हे बायकांचं काम, काकू. बोर्डात कसं काढायचं?"

"मंग बाईच धाडा बोर्डात," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या निवडणुकीत स्वतःच उभ्या राहिल्या.

बोर्डकाकू हे नाव तेव्हा पडलं, अर्थात टिंगलीनं. धाडच्या बाजारात एकानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काऊन बोर्डकाकू, तिथं जाऊन पोळ्या लाटता काय?"

काकू वांगी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लाटीन ना भाऊ. पन तुम्ही लोकं इतके दिवस तिथं काय भाजून राह्यले, ते तं पाहू द्या." वांगी विकणारी माळीण इतकी हसली की तागडी हलली.

मी त्या वेळी सतरा वर्षांची होते. अमरावतीला राहून मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचणारी, अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला फार अभिमान. मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्या घरांतल्या काही बायकांना ते मिळू शकत होतं, पण अर्ज केला तरच. काकू मला घेऊन घरोघर फिरल्या. बायका ओट्यावर येऊन आपलं नाव सांगत : ठकू, चिंधाबाई, बकुळेची माय. मला ही नावं सरकारी कागदावर शोभतील असं वाटेना. म्हणून मी घरातल्या पुरुषांना विचारून त्यांची लग्नातली नावं लिहिली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहितात ना, ती. ठकूची रुक्मिणी झाली, चिंधाबाईची सरस्वती. यादी इतकी सुबक झाली की काकूंनी तिच्यावरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी बायका नवी लुगडी नेसून शाळेत गेल्या आणि एकेक करून परत आल्या.

"काऊन वं परत आल्या?" काकूंनी विचारलं.

"आमचं नावच नाही म्हनते तो कारकून," ठकू म्हणाली.

तांदळातलं नाव लग्नाच्या दिवशी एकदा वाचलं गेलं आणि ताटासकट उचललं गेलं. पुन्हा त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव सांगा, म्हटल्यावर त्या लाजून गप्प राहिल्या. कारकुनाचा दोष नव्हता. फाटकाबाहेर उभी राहून मी ऐकत होते, आणि माझी जीभ उचलली नाही. तेरा बायका परतल्या. काकू पाच मतांनी पडल्या. जुने मेंबर पुन्हा निवडून आले.

त्याच पौषात माझ्या वहिनीचे दिवस भरले. मूल आडवं होतं. बुलढाण्याला न्यायला गाडी जुंपली. काकू वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, मी तिच्या बाजूला. धाड मागे पडलं आणि भर दुपारी, रस्त्यातच, वहिनीनं माझा धरलेला हात सोडला. काकूंनी तिचे डोळे मिटले. गाडी वळवताना त्या एवढंच म्हणाल्या, "हळू घ्या रे. तिले हिसके बसतीन."

त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पुढे माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. काकू अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा भेटायला आले. त्यांच्या उशाशी बसून इतक्या वर्षांचं ते एकदाचं बोलले, "काकू, ती यादी माझ्यामुळे बिघडली. मी बायकांना विचारलंच नाही."

"मले ठाऊक हाय. त्याच दिवशी समजलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"कसं बोलू पोरी? वहिनी गेली तव्हा तू अर्धी झाली होती. त्यात हे बी सांगतलं असतं, तं तुनं पुन्हा कोन्या बाईसाठी लेखनी धरली नसती." मग धाप लागली, थांबल्या. "आता नागपुरात बायकायचे अर्ज लिहून देत असशीन ना? त्यायलेच इचारून?"

"हो काकू," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आठ दिवसांनी त्या गेल्या.

मुलांनो, त्या निवडणुकीनंतर मी एकाही बाईचा अर्ज लिहिला नव्हता.