जाईने सांगितलेला शब्द

अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथली डॉक्टर स्पेनहून आलेली ख्रिस्ती जोगीण, म्हणजे नन होती. पेशंट तिला डॉक्टरमाय म्हणत. तिच्या हाताला गुण होता, पण तिचं इंग्रजी अगदीच मोडकं होतं. औषधांची पत्रकं, सिव्हिल हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या, सरकारी कागद, सगळं इंग्रजीत. आणि समोर बसलेलं माणूस वऱ्हाडी बोलणारं. या सगळ्यांच्या मधोमध जाई उभी असायची.

जाई अकोटजवळच्या एका खेड्यातली. तिचा बाप देवमन जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. छप्पन साली घराने बौद्ध धम्म घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात देवमनने पोरीला शिकायला अमरावतीला आणून ठेवलं. इंटर होऊन ती दवाखान्यात कारकून म्हणून लागली. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिला फावल्या वेळात स्पॅनिश शिकवलं. सिस्टर आजारी पडून मायदेशी गेली आणि तिचं दुभाष्याचं काम जाईच्या अंगावर आलं.

इंग्रजी शब्दांची तिला पहिल्यापासून धास्ती. 'डिस्चार्ज' म्हणजे जखमेतून वाहणारा पू, आणि पेशंटला घरी सोडणंही डिस्चार्जच. 'लेबर' म्हणजे मजुरी, आणि बाळंतपणाच्या कळाही. स्पॅनिशमध्ये यांना वेगवेगळे शब्द होते. त्यातला एक उचलला की दुसरा अर्थ तिथेच मेला. डॉक्टरमायला मूळ बोलणं कळायचं नाही. जाई सांगेल ते खरं धरून ती सुई हातात घ्यायची.

चौसष्ट सालच्या श्रावणात एक जीप दारात थांबली. अकोल्याला नव्या ज्वारीच्या बियाण्याचं काम पाहायला आलेला एक अमेरिकन साहेब गाडी चालवत होता. मागे सुभद्रा नावाची बाई बसली होती, तिच्या मनगटाला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चिंधी रक्ताने भिजलेली. शेजारी तिचा नवरा खुशालराव. साहेबाच्या शेतावर निंदायला आलेल्या सुभद्राला त्याचाच कुत्रा चावला होता. साहेबाला नागपूरला विमान गाठायचं होतं, म्हणून वाटेतला दवाखाना पाहून तो थांबला.

डॉक्टरमाय ऑपरेशनमध्ये होती. साहेब नाकातून, भरभर बोलला. कुत्रा 'मॅड' झाला आणि बाईला चावला, फार वाईट वाटतं, एवढं जाईला कळलं. तिने मान हलवली. जीप धुरळा उडवत निघून गेली.

'मॅड डॉग' हे शब्द जाईने शाळेत पाठ केले होते. तिने आत जाऊन डॉक्टरमायला स्पॅनिशमध्ये सांगितलं, "कुत्रा राबिओसो होता." पिसाळलेला. डॉक्टरमायचा चेहरा उतरला. तिने सुभद्राला विचारायला लावलं, कुत्र्याच्या तोंडाला फेस होता का, तो कसा चालत होता.

"मले काय माईत, बाई," सुभद्रा म्हणाली. "मी खाली मान घालून निंदत होती. ते मांगून आलं अन् धरलं मनगट. त्या शेतावर पयलाच दिवस होता माया."

"साहेब काय म्हणे?" खुशालरावने विचारलं.

"कुत्रं पिसाळलेलं होतं म्हणे," जाईने सांगितलं.

खुशालराव भिंतीला टेकला तो खालीच बसला. त्याच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला एक माणूस पाण्याचा लोटा पाहून किंचाळत मेला होता, सगळ्या गावाने तो पाहिला होता. त्याने त्याच दिवशी अंगावर पिणारी पोर सुभद्रापासून काढून तिच्या आजीकडे धाडली. सुभद्राचे पान्ह्याने भरलेले स्तन दुखायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि कोणी पाणी आणलं की आधी त्याच्याकडे टक लावून पाहायची, आपल्याला भीती वाटते का ते तपासायची.

सिव्हिलमधून लस मागवून पोटात रोज एक इंजेक्शन सुरू झालं. आठवडा उलटून गेला. मग एका सकाळी सुभद्रा म्हणाली, "पायाले मुंग्या येऊन राहिल्या." दुसऱ्या दिवशी ती उठायला गेली आणि गुडघ्यातून वाकली.

डॉक्टरमायने तिचे पाय तपासले, मग जाईला व्हरांड्यात नेलं.

"ही लस कधीकधी नसांवरच उलटते," ती म्हणाली. "तसं असेल तर आणखी एक इंजेक्शन तिला कायमची अधू करेल, मारेलही. पण कुत्रा पिसाळलेला असेल तर लस थांबवता येत नाही. तो माणूस नेमकं काय म्हणाला होता? त्याच्या भाषेत सांग."

"मॅड," जाई म्हणाली.

डॉक्टरमायने आपला इंग्रजी-स्पॅनिश कोश आणला. त्या एका शब्दासमोर ओळीने शब्द होते: लोको, म्हणजे वेडा; राबिओसो, पिसाळलेला; आणि शेवटी एनोहादो, चिडलेला. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, अमेरिकेत असं म्हणतात.

साहेब अमेरिकन होता. कुत्रा चिडला आणि चावला, एवढंच कदाचित तो म्हणाला असेल. कदाचित नसेलही.

"मला नाही माहीत," ती कशीबशी म्हणाली. "मला जो येत होता तो शब्द मी सांगितला."

डॉक्टरमाय रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं जाईला वाटलं. ती फक्त म्हणाली, "कुत्रा पिसाळलेला असता तर एव्हाना मेला असता. आजचं इंजेक्शन मी संध्याकाळपर्यंत अडवून ठेवते. पुढे नाही ठेवता येणार."

जाई तशीच निघाली आणि तिने अकोल्याची एस.टी. पकडली. खिडकीबाहेर कपाशी, ज्वारी, पुन्हा कपाशी. तिला डोळ्यांपुढे फक्त साहेबाच्या पायऱ्यांशी पडलेली कुत्र्याची रिकामी साखळी दिसत होती. कुत्रा मेलेला निघाला तर सुभद्राला ती सुई घ्यावीच लागेल, आणि जिवंत निघाला तर आजवरची एकेक सुई आपण तिला विनाकारण टोचवली. दोन्हीकडून सुटका नव्हती. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा उतरून परत घरी, अकोटकडे जावं, पुन्हा दवाखान्याचं तोंड पाहू नये, असंही तिच्या मनात आलं. पण ती जागची हलली नाही.

साहेबाचा बंगला शेताच्या कडेला होता. व्हरांड्याच्या खांबाला साखळी होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

चौकीदार महादेवरावची बायको माणिकबाई तांदूळ निवडत बसली होती. जाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुत्रं," ती म्हणाली. "इथलं कुत्रं कुठं हाय?"

"ते कुत्री? ते आता इथं नसते."

जाईने खांब धरला.

"मेली का?"

"मरते काहून बाप्पा?" माणिकबाईने सूप खाली ठेवलं. "कडब्याच्या कोठ्यात हाय. पिलं झाली ना तिले. त्या दिवशी एक पिलू वावरात गेलं होतं, निंदणाऱ्या बाईजवळ. हे मांगून धावली अन् चावली बाईले. साहेब बांधाले सांगून गेले, दोन दिवसानं मंग आमी सोडली."

तरी जाईला धीर होईना. ती कोठ्याच्या दाराशी गेली. कडब्यावर पिवळी कुत्री पसरली होती, पिलं तिला लुचत होती. जाईला पाहताच ती दात विचकून गुरगुरली. जाई मागे सरली नाही. तिने माणिकबाईकडून पाण्याचं घमेलं मागून घेतलं, काठीने आत सरकवलं आणि उभी राहिली. कुत्रीने आधी वास घेतला. मग जीभ घालून लपालपा पाणी प्यायली. घमेलं अर्धं होईपर्यंत जाई पाहत राहिली.

परतीची बस बडनेऱ्याच्या अलीकडे चिखलात रुतली. उतारूंबरोबर जाईनेही खांदा लावला. दवाखान्यात शिरली तेव्हा दिवस मावळत होता आणि डॉक्टरमाय ट्रेमध्ये सुई घेऊन वॉर्डाकडे निघाली होती.

"एनोहादो," जाई दारातूनच म्हणाली. "चिडलेली होती. जिवंत आहे. पाणी पिते."

डॉक्टरमायने ट्रे तिथेच खिडकीत ठेवला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

खुशालरावला सांगायचं काम उरलं होतं. तो वॉर्डाबाहेर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. जाईने सगळं सांगितलं, तो इंग्रजी शब्द, त्याचे वेगवेगळे अर्थ, आपण निवडलेला एक.

"म्हंजे मरत नाई ते?"

"कुत्र्यानं नाही मरणार."

"मंग पिसाळलेलं काहून सांगतलं?" तो म्हणाला. "पोर तोडली मी तिची."

तो उठून पोर आणायला निघाला.

सुभद्राचे पाय आणखी काही दिवस बिघडत गेले. कमरेखाली जीव उरतो की नाही, असं वाटायला लागलं. जाई रोज तिच्या तळव्यांना तेल चोळायची आणि विचारायची, "लागतं का हात?" सुभद्रा मान हलवून नाही म्हणायची. दसऱ्याच्या सुमारास डाव्या अंगठ्यात पहिल्यांदा काही कळलं. दिवाळीनंतर ती काठी टेकत नवऱ्याबरोबर घरी गेली. डाव्या पायात थोडी ओढ कायमची राहिली.

त्यानंतर जाईची ओळख विचारत सुटणारी बाई अशी झाली. सिव्हिलचे डॉक्टर असोत की कलेक्टर कचेरीतले साहेब, ती म्हणायची, हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरता, दुसऱ्या शब्दात सांगा. कोणी हसायचं, कोणी चिडायचं. एका साहेबाने तर तिला इंग्रजी येतं की नाही असं विचारलं. ती म्हणाली, "येतं, म्हणूनच विचारते."

दोन वर्षांनी सुभद्रा पुन्हा दवाखान्यात आली. तिला दिवस गेले होते. डॉक्टरमायने तपासलं, काही सांगितलं आणि दुसरी एक सिस्टर ते समजावू लागली. सुभद्राने तिला हाताने थांबवलं.

"जाईबाईले बलावा," ती म्हणाली. "ते सांगन तेच मी आयकीन."

जाई आली. सुभद्रा विश्वासाने तिच्या तोंडाकडे पाहत होती. जाई डॉक्टरमायकडे वळली आणि म्हणाली, "पुन्हा सांगा. सावकाश."