तिसरं पान

आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मूळचे जेऊरचे. रविवारी दुपारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आम्ही चिंचोके लावून पोकर खेळतो. तो त्यांना मीच शिकवला. हातात लहान जोड आली तर टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्या पानांत तसलंच तिसरं पान पडायची वाट बघायची, नाही पडलं तर पानं टाकून डाव सोडायचा, हे मी सांगितलं आणि त्यांनी पाठ केलं. चप्पल काढून, देवळात बसावं तसे बसतात. जोड आली की दोन्ही पानं काठाला काठ जुळवून तळव्याखाली झाकतात आणि शेवटी "तिसरं आलं न्हाय की," म्हणत टाकून देतात. आम्ही हसायचो.

परवा माझ्याकडे दश्श्यांची जोड होती आणि त्यांचा तळवा पानांवर. टेबलावर शेवटचं पान पडलं, तरी ते "तिसरं आलं न्हाय" म्हणाले नाहीत. सगळे चिंचोके पुढे सरकवून माझ्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलेना. म्हणजे तिसरं आलंच असणार. मी दश्श्या टाकल्या.

त्यांनी पानं उलटली. नुसती सत्त्यांची जोड; तिसरी सत्ती टेबलावर कुठेच नव्हती.

"आलं नव्हतं, तर बोलला का नाहीत?"

चिंचोके ओढून घेत ते म्हणाले, "तुमी इचारलं कुटं?"